वितळणारा बर्फ पाहायला जावे का?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या धर्मग्रामातून अमेरिका-कॅनडाला मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांची संख्या बरीच वाढली आहे. नातवंडे सांभाळायला म्हणून जाणे होते, आणि मग लग्नाचा चाळिसावा वाढदिवस किंवा निवृत्ती असे काहीतरी निमित्त साधून मुले आपल्याला फिरायला पाठवतात. नायगारा झाला, न्यूयॉर्क झाले; आता अलास्काच्या क्रूझची पाळी आहे. २०२५ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला आम्ही उभयता असेच सिएटलहून निघालेल्या एका जहाजावर होतो. परत आल्यावर पुष्कळांनी फोटो पाहिले, कौतुक केले. युवक संघातल्या एका मुलीने मात्र सरळ विचारले, "अंकल, जो बर्फ आपल्याच धुरामुळे वितळतोय, तोच बघायला विमानाने आणि बोटीने जायचं, हे बरोबर आहे का?"

प्रश्न उद्धट नव्हता. 'तुम्ही आजची मुलं ना' असे म्हणून हसण्यावारी नेण्यासारखाही नव्हता. हा प्रश्न फक्त आम्हा दोघांपुरता नाही, म्हणून त्यावर थोडा मोकळेपणाने विचार करावा असे वाटते.

आधी जागेची ओळख करून द्यायला हवी. जुनो ही अलास्काची राजधानी. लोकवस्ती सुमारे बत्तीस हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. गंमत म्हणजे राजधानी असूनही बाहेरून तिथे मोटारीने जाता येत नाही. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला उंच डोंगर व त्यांच्या माथ्यावर पसरलेले बर्फाचे पठार. त्यामुळे यायचे तर बोटीने किंवा विमानाने. या एवढ्याशा गावात २०२४ साली जहाजांतून आलेले प्रवासी होते सुमारे १७ लाख. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत धक्क्याला एका वेळी चार-चार, पाच-पाच जहाजे लागतात. सकाळी उतरायचे आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेच्या आत परत चढायचे. जहाज कोणासाठी थांबत नाही.

धक्क्यापासून वीसेक किलोमीटरवर मेंडेनहॉल हिमनदी आहे. हिमनदी म्हणजे गोठलेली नदी नव्हे. डोंगरमाथ्यावर वर्षानुवर्षे पडलेला हिम स्वतःच्याच वजनाने दाबला जातो, त्याचा घट्ट बर्फ होतो आणि तो उतारावरून फार सावकाश खाली सरकत येतो. वर पडलेल्या हिमाला खालच्या तळ्यापर्यंत पोहोचायला दोनशे-अडीचशे वर्षे लागतात, असे तिथे सांगतात. म्हणजे आम्ही ज्या बर्फाच्या टोकाकडे बघत उभे होतो तो आकाशातून पडला तेव्हा आपल्या वसईवर पेशव्यांचा अंमल होता, नाहीतर नुकताच संपला होता. त्याचा रंग पांढरा नाही. भेगांमध्ये तो निळा दिसतो, निळीच्या पाण्यासारखा. दाबामुळे त्यातली हवा बरीचशी निघून गेलेली असते. असा बर्फ प्रकाशातला तांबडा रंग शोषून घेतो आणि निळा तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. जवळच नगेट नावाचा धबधबा आहे, शंभर मीटरहून उंच. तळ्याचे पाणी मात्र गढूळ, दुधाळ, कारण हिमनदी खालचा खडक दळून त्याचे पीठ करीत येते.

नावाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथल्या मूळच्या ट्लिंगिट लोकांची या हिमनदीसाठी स्वतःची नावे होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला थॉमस मेंडेनहॉल या सरकारी मोजणी खात्याच्या प्रमुखाचे नाव दिले गेले आणि तेच रूढ झाले. साहेबांनी येऊन आपल्या गावांची नावे कशी बदलली, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

अमेरिकेच्या वनखात्याने १९६२ साली तिथे व्हिजिटर सेंटर उघडले. मोठ्या काचेच्या खिडक्यांसमोर बर्फाची भिंत असावी, या हिशेबानेच ते बांधले होते. आज ती भिंत दीड किलोमीटरहून अधिक मागे गेली आहे. कोणत्या वर्षी बर्फ कुठपर्यंत होता, याच्या खुणा पायवाटेवर लावल्या आहेत. पूर्वी जिथे बर्फ होता तिथे आता झाडी आहे, आणि त्या झाडीतून आपण चालत असतो. मागे सरकणाऱ्या बर्फाखालून हजार वर्षांहून जुन्या झाडांचे बुंधे उघडे पडले आहेत. तिथल्या अभ्यासकांचा अंदाज असा की २०५० च्या सुमारास या खिडक्यांतून हिमनदी दिसणारच नाही.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. सर्वांत पहिले उत्तर जे आपल्या तोंडी येते ते असे: "आम्ही गेलो नसतो तरी जहाज निघालेच असते. तीन हजार माणसांतली आम्ही दोन. आमच्याने काय फरक पडतो?"

जर्मनीतील ब्रेमेन आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुक या विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली एक हिशेब मांडला. हवेत सोडलेल्या दर एक किलो कार्बन डायऑक्साइडमागे कालांतराने जगातल्या हिमनद्यांचा सुमारे पंधरा किलो बर्फ नाहीसा होतो. साध्या मोटारीने अर्धा किलोमीटर गेले की एक किलो बर्फ गेला. (रविवारच्या मिस्सेला पाव-अर्धा किलोमीटरवरून मोटार काढून येणाऱ्यांनी, आणि मग मैदानात जागा नाही म्हणून तक्रार करणाऱ्यांनी, हा आकडा ध्यानात ठेवायला हरकत नाही.) मुंबईहून सिएटलला जाऊन येणाऱ्या एका प्रवाशाच्या वाट्याला ढोबळ मानाने दोन टन तरी कार्बन डायऑक्साइड येतो. त्याला पंधराने गुणले तर तीस टन. दहा टनी तीन ट्रक भरून बर्फ, एका माणसामागे, आणि जहाजाचे इंधन अजून धरलेले नाही. हा बर्फ मेंडेनहॉलचाच असेल असे नाही, तो लगेच वितळेल असेही नाही. सगळा वितळायला पुढची काही शतके लागतील. पण तो शून्य नाही.

आणि 'माझ्या एकट्याने काय होते' हे म्हणणे आपण कुठे करतो आणि कुठे करत नाही, हे जरा पाहा. चर्चच्या छपरासाठी वर्गणी गोळा करताना कोणी म्हणत नाही की माझ्या पाचशे रुपयांनी छप्पर होणार नाही, मग कशाला देऊ? उलट थेंबाथेंबाने तळे साचते असे आपण मुलांना सांगतो. चांगल्या कामात आपला थेंब मोजायचा आणि नुकसानीत तो मोजायचा नाही, हे हिशेबाचे दोन वेगळे कायदे झाले.

दुसरे उत्तर जास्त वजनदार आहे. ते असे: "शे-दीडशे वर्षे धूर सोडला गोऱ्यांनी. त्यांच्या आज्या-पणज्याही जहाजाने फिरल्या. आता कुठे आपल्या माणसाच्या हातात चार पैसे आले, आणि लगेच आपल्याला उपदेश?" यात तथ्य आहे आणि ते नाकारता कामा नये. अमेरिकेतला एक माणूस सरासरी वर्षाला चौदा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, भारतातला माणूस दोन टनांच्या आसपास. सातपट फरक. जगाच्या परिषदांत आपला देश हे आग्रहाने मांडतो आणि ते योग्यच आहे.

पण हे दोन टन कोणाचे, हा विचार केला की मन थोडे अडखळते. ती सरासरी आहे. ती इतकी खाली आहे ती तुमच्या-आमच्यामुळे नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या पाड्यावर चुलीवर भाकरी भाजणारी, डोक्यावरून पाणी वाहणारी, एसटीखेरीज दुसरे वाहन माहीत नसलेली बाई त्या सरासरीत आहे. आमच्या एका विमानप्रवासाचे दोन टन म्हणजे सरासरी भारतीयाचे अख्खे वर्ष. तिच्या नावावर शिल्लक राहिलेले आपण खर्च करायचे, आणि कोणी विचारले तर 'आम्ही भारतीय फार कमी वापरतो' म्हणून तिलाच पुढे करायचे, हे न्यायाचे वाटत नाही. गोऱ्यांचा दोष खरा आहे. तो आपल्याला दिलेला परवाना मात्र नाही.

तिसरे उत्तर सुशिक्षित लोक देतात, आणि जहाजावरच्या व्याख्यानांतही ते ऐकायला मिळाले: "माणूस जे पाहतो त्यावरच प्रेम करतो. पाहिल्याशिवाय कळकळ येणार कशी?" हे ऐकायला फार छान वाटते. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. पण आम्ही जे पाहिले ते लिहितो. बसने सोडल्यावर हातात दीड-दोन तास असतात. त्यातला बराच वेळ रांगेत, शौचालयात, दुकानात आणि एकमेकांचे फोटो काढण्यात जातो. हिमनदीकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसांची संख्या तिच्याकडे तोंड करून उभ्या असलेल्यांपेक्षा जास्त होती, हे आम्ही अतिशयोक्ती न करता सांगतो. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर चर्चा होती ती पुढच्या वर्षी अंटार्क्टिकाला जावे की नॉर्वेला, याची. पाहण्याने प्रेम उत्पन्न होते की भूक, हे माणसावर अवलंबून दिसते.

आणि जे पाहायला मिळत नाही त्याचे काय? धक्क्यावरून हिमनदीकडे जाणारी बस मेंडेनहॉल खोऱ्यातून जाते. जुनोचे पुष्कळ रहिवासी याच खोऱ्यात राहतात. हिमनदीच्या कुशीत एक बाजूची छोटी हिमनदी वितळून मोठा खड्डा तयार झाला आहे. त्यात पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी साठते. मोठ्या हिमनदीचा बर्फ त्याला बांधासारखा अडवून धरतो, आणि एक दिवस ते पाणी बर्फाखालून वाट काढून एकदम सुटते. हे पहिल्यांदा झाले २०११ साली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नदीने काठ कोरला आणि घरे पात्रात कोसळली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुमारे तीनशे घरांत पाणी शिरले. मग वाळू भरलेल्या तारेच्या मोठमोठ्या पेट्या रचून नदीकाठी बांध घातला गेला. त्या खर्चाचा काही भाग काठावरच्या घरमालकांवर बसला, प्रत्येकी सहा हजार डॉलरांहून अधिक. आम्ही परत येऊन मुलीच्या घरी असतानाच, १३ ऑगस्ट २०२५ ला, पाण्याने आधीचा उच्चांकही मोडला. बांध टिकला आणि बहुतेक घरे वाचली. ज्या रस्त्याने आम्ही खिडकीतून गरुड दिसतो का ते बघत गेलो होतो, त्याच खोऱ्यातली माणसे सामान बांधून घराबाहेर पडली होती. बसमधल्या मार्गदर्शकाने अस्वलांविषयी बरेच सांगितले होते. घरांविषयी एक शब्द नाही.

मग जुनोच्या लोकांना आपण यावे असे वाटते की नाही? याचे सोपे उत्तर नाही. २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे, असा नियम त्यांनी जहाज कंपन्यांशी बोलून ठरवला. २०२६ पासून दिवसाच्या प्रवाशांनाही मर्यादा आहे: सोळा हजार, आणि शनिवारी बारा हजार. पण त्याच २०२४ च्या ऑक्टोबरात शनिवारी मोठी जहाजे अजिबातच नकोत, असा प्रस्ताव मतदानाला आला तेव्हा लोकांनी तो फेटाळला. दुकानदार, बसचालक, वाटाडे यांची वर्षाची कमाई या पाच-सहा महिन्यांत होते. धक्क्याला लागलेल्या जहाजाने इंजिन बंद करून गावाच्या जलविद्युतेवर चालावे, ही सोय जगात प्रथम जुनोत झाली, २००१ साली. तीही अजून सगळ्या धक्क्यांवर पोहोचलेली नाही.

पोटापाण्याचा प्रश्न आपल्याही घरापर्यंत येतो. गोव्यातली आणि आपल्या भागातलीही कितीतरी मुले या जहाजांवर नोकरी करतात. कित्येक घरांची कर्जे त्या पगारावर फिटली आहेत. आमची केबिन साफ करणारा मुलगा सासष्टीचा होता. मे महिन्यापासून दर आठवड्याला तो जुनोला येत होता. हिमनदी त्याने पाहिली नव्हती. बंदरात मोकळीक मिळते ती दोनेक तासांची, आणि त्यात घरी फोन करायचा असतो, म्हणाला. "आंटी, फोटो दाखवा ना." फोटो बघून तो एवढेच बोलला की ती पांढरी असेल असे त्याला वाटले होते. उद्या सर्वांनी शहाणे होऊन क्रूझ बंद केल्या तर पहिली झळ याच मुलाला बसणार, हे विसरून 'जाणेच पाप' असे म्हणणे आम्हाला जमत नाही.

स्वित्झर्लंडमधली एक गोष्ट या ठिकाणी आठवते. तिथेही हिमनदीच्या बर्फाने अडलेले तळे फुटून गावे बुडत असत. फक्त कारण उलटे होते. सतराव्या शतकात थंडी वाढून आल्प्स पर्वतातली आलेच हिमनदी पुढे पुढे येत होती. तिच्या पायथ्याशी फीश हे कॅथलिक गाव आहे. १६७८ साली गावकऱ्यांनी नवस केला की आम्ही सदाचाराने वागू आणि ही हिमनदी वाढू नये म्हणून प्रार्थना करू. पुढे १८६२ पासून त्यांनी दरवर्षी मिरवणूकही काढायला सुरुवात केली. ती ३१ जुलैला, संत इग्नेशियस लोयोला यांच्या सणाच्या दिवशी निघते. पुढे हिमनदी इतकी आटू लागली की जुनी प्रार्थना म्हणणे लोकांना विचित्र वाटू लागले. नवस पोपमहोदयांच्या मान्यतेने केलेला, तो आपणहून कसा बदलायचा? २००९ साली त्यांनी व्हॅटिकनकडे विनंती केली आणि २०१० मध्ये परवानगी मिळाली. आता ते बर्फ कमी होऊ नये म्हणून प्रार्थना करतात. या बातमीत लोकांना प्रार्थना उलटी झाली याचीच मजा वाटते. आमचे लक्ष नवसाच्या पहिल्या अर्ध्या भागाकडे जाते, जो बदलावा लागला नाही. नुसते मागणे नव्हते. आम्ही अमुक प्रकारे वागू, अशी हमी आधी होती. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या गावकऱ्यांच्या वागण्याचा आणि बर्फाचा काही संबंध नव्हता. आपल्या वागण्याचा आहे.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाण्याची रीत आहे. जाऊच नये असे कोणी म्हणत नाही. न जाणे हेच वाईट दिसते. पण काही गोष्टी न सांगता पाळल्या जातात. फार वेळ बसायचे नाही. रोज रोज जाऊन घरच्यांना त्रास द्यायचा नाही. आजाऱ्याचे हाल बघून आल्याचे गावभर रंगवून सांगायचे नाही. आणि घरातल्या माणसांची, जी रात्री जागतात त्यांची, चौकशी करायचीच. पस्तीस वर्षे शाळेत शिकवून, मुलांना मार्गी लावून, आयुष्यात एकदा एवढा लांबचा प्रवास करणाऱ्या बाईला या रीतीत जागा आहे, असे आम्ही मानतो. दरवर्षी एक नवे बंदर पदरात पाडून घेणाऱ्यांना आहे की नाही, हे त्यांनी स्वतःला विचारावे. मुलांकडे जाणे तर टळणार नाही. पण जाऊन सहा महिने राहणे आणि तीन आठवड्यांची दोन वर्षांत दोनदा धावपळ करणे, यात ट्रकांचा फरक आहे. यावर आमच्या घरात एकमत नाही, हेही लिहून ठेवतो. पत्नीचे म्हणणे असे की नातू लहान आहे तोवर हा हिशेब तिला सांगू नये.

आमच्या शेजारच्या जोडप्याने येत्या जूनचे बुकिंग केले आहे. जाऊ नका असे आम्ही त्यांना म्हटले नाही. एवढे सुचवले की धक्क्यावर हेलिकॉप्टरने थेट बर्फावर उतरवण्याच्या सहली विकतात, ती घेऊ नका. बसने जा. धबधब्यापर्यंतची पायवाट दीडेक किलोमीटरची आहे, सपाट आहे, गुडघे दुखत असले तरी जमते. वनखात्याचे गणवेशातले लोक तिथे उभे असतात, त्यांना पुराविषयी विचारा. विचारले तर ते नीट सांगतात. आणि छत्री न्या, जुनोत पाऊस असतोच.